भूमिकाखेळातील इजा व मृत्यू : नियमांची एक चिकित्सा

१९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी सिद्ध केलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात जीवनगुण शून्यावर येताच पात्र मरत असे. १९७९ च्या संचालक-मार्गदर्शिकेने ही सीमा उणे १० पर्यंत नेली. उणे ६ वा त्याखाली जाऊन वाचलेल्या पात्रास व्रण किंवा अवयवहानी द्यावी काय, हे मात्र संचालकाच्या मर्जीवर सोडले. घरगुती नियमांना खरा वाव येथेच आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दीर्घ विश्रांतीनंतर सर्व जीवनगुण परत मिळतात; कायमच्या जखमांचा तक्ता केवळ ऐच्छिक. प्रस्तुत लेखकास तो अनिवार्य करणारे गट अधिक रास्त वाटतात. मृताची कथा थांबते. हात गमावलेल्या योद्ध्याला पुढचा प्रत्येक निर्णय नव्याने घ्यावा लागतो. असा नियम अर्थात पहिला फासा पडण्यापूर्वीच सर्वांस ठाऊक हवा. पडद्याआड आकडा बदलण्याची काही संचालकांची रीत म्हणूनच आक्षेपार्ह ठरते.