98 टक्के, पण जादूगार किती?

पत्त्यांच्या जादूत ‘फोर्स’ म्हणजे काय, तर प्रेक्षकाला वाटतं पत्ता आपण आपल्या मनाने निवडला, आणि प्रत्यक्षात तो आधीच ठरलेला असतो. मानसशास्त्रवाल्यांना हे तंत्र आवडतं, कारण ‘निवड माझीच होती’ ही भावना तपासायला इतकं स्वस्त साधन दुसरं नाही. कॅट वीस-तीस रुपयांत मिळतो.

जे ओल्सन आणि सहकाऱ्यांचा 2015 चा पेपर या विषयात सगळे उद्धृत करतात. जादूगार कॅट भरभर उलगडतो, एकच पत्ता किंचित जास्त वेळ दिसतो, आणि समोरच्याने मनात एक पत्ता धरायचा. 118 जणांपैकी 98 टक्के लोकांनी तोच पत्ता धरला. आपल्यावर प्रभाव टाकला गेला हे फक्त 9 टक्क्यांच्या लक्षात आलं. आकडा बघून कुणालाही वाटेल, झालं, हेच तंत्र आपल्या प्रयोगात घेऊ.

थांबा जरा. 118 पैकी दोघेच चुकले असं धरून विश्वासांतर काढलं, तर ते साधारण 94 पासून 99 च्या पुढे जातं. छानच की! पण हे अंतर सांगतं नवा प्रेक्षक आणला तर काय होईल ते. नवा जादूगार आणला तर काय होईल, हे त्यात कुठेच नाही. हाताचा वेग, पत्ता किती वेळ दिसू द्यायचा, समोरच्याची नजर कधी पकडायची, हे सगळं एका माणसाच्या बोटांत बसलेलं आहे. डेटाच्या फाइलमध्ये ओळी 118, जादूगार मात्र एक. भाषेच्या प्रयोगांत शब्दांबाबत नेमकी हीच चूक होते, हे हर्बर्ट क्लार्कने 1973 मध्येच दाखवलं होतं. तुमचे हात त्या जादूगाराचे नाहीत, तेव्हा तुमच्या प्रबंधात 98 हा आकडा गृहीत धरू नका.

दुसरी अडचण मला जास्त मजेशीर वाटते. जादूगाराला जे तंत्र ‘खात्रीचं’, ते संशोधकाला निरुपयोगी ठरू शकतं. कोणत्या स्वभावाची माणसं फोर्सला बळी पडत नाहीत हे शोधायचंय, आणि न पडलेली माणसं दोनच. तुलना कुणाची कुणाशी करणार? ओल्सन यांच्या दुसऱ्या प्रयोगात पत्ते संगणकाच्या पडद्यावर दाखवले, आणि तिथे परिणाम बराच उतरला. आता फरक मोजायला जागा मिळाली हे खरं. पण समोर माणूस नाही, त्याची घाई नाही, संकोच नाही. मग दोन्ही प्रयोगांत एकच गोष्ट मोजली गेली असं कशावरून म्हणायचं? पेपर हा सांधा फार सहज ओलांडतो, असं माझं मत.

याच्या उलट टोकाला अ‍ॅलिस पायेस आणि गुस्ताव कुन यांचा 2020 चा अभ्यास आहे. डेरेन ब्राउनची पद्धत: बोलता बोलता हातांनी चौकटचा आकार काढायचा, तीनचा आकडा सुचवायचा. सुमारे 18 टक्के लोकांनी चौकटची तिर्री निवडली. स्टेजवर हे चाललं नसतं, पाचातले चार वेळा फजिती. पण सहज निवडीत 52 पैकी एक म्हणजे 2 टक्क्यांहून कमी, आणि तिर्री तर कुणाला फारशी आठवतही नाही. हेच 18 टक्के इस्पिकच्या एक्क्यावर आले असते तर मी भुवई उंचावली नसती. तो आणि बदामची राणी लोक कुणी न सुचवताही घेतात.

आणि शंभर टक्के हवं असेल तर? प्रेक्षक कॅट काटतो, जादूगार खालची गड्डी वरच्या गड्डीवर आडवी ठेवतो, थोडं इकडचं तिकडचं बोलतो, मग म्हणतो, ‘बघा, तुम्ही काटलेला पत्ता.’ तो असतो मूळचा सगळ्यात वरचा. हात शिकाऊ असले तरी पत्ता तोच निघतो. पण इथे निवडीवर प्रभाव पडतच नाही. कुठेही काटलं तरी तेच. फसते ती कुठली गड्डी कुठली याची आठवण. स्वेच्छेच्या भावनेवर काम करणाऱ्याला हे चालेल, निर्णय कसा वळतो यावर काम करणाऱ्याला नाही.

तो 98 चा प्रयोग मला पुन्हा झालेला बघायचाय: दहा जादूगार, त्यातले निम्मे नवशिके, प्रत्येकी तीस प्रेक्षक, आणि जादूगार हा विश्लेषणात यादृच्छिक घटक म्हणून धरलेला.