फितीवरचा सूर आणि त्याची प्रतिकृती : मेलोट्रॉन, तंबोरा-ॲप व संवादिनी यांच्या संदर्भात एक सौंदर्यविचार

प्रस्तावना

जुने, अवजड आणि वारंवार बिघडणारे एखादे वाद्य कालबाह्य झाल्यानंतर काही दशकांनी पुन्हा हवेसे वाटू लागते. इतकेच नव्हे, तर त्याच्या दोषांसकट त्याची संगणकीय प्रतिकृती तयार केली जाते आणि ती आवडीने वापरली जाते. ‘मेलोट्रॉन’ या फितीवर चालणाऱ्या कळफलक-वाद्याच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. या आकर्षणाला सामान्यतः ‘स्मरणरंजन’ असे नाव देऊन विषय संपविला जातो. परंतु ज्या तरुण संगीतकारांनी मूळ यंत्र कधी पाहिलेही नाही, त्यांनाही त्याच्या नादाची ओढ वाटते. म्हणून स्मरणरंजनाची उपपत्ती येथे अपुरी पडते. प्रस्तुत लेखात या आकर्षणाची सौंदर्यदृष्ट्या मीमांसा केली आहे. त्याचबरोबर महाराष्ट्रातील संगीतव्यवहारात त्याच स्वरूपाचा जो प्रश्न तंबोऱ्याच्या ॲपमुळे आज उभा आहे, त्याचा विचार केला आहे.

यंत्राची रचना व इतिहास

फितीवरील ध्वनी कळफलकाने वाजविण्याची कल्पना १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील हॅरी चेंबरलिन यांनी प्रत्यक्षात आणली. १९६२ मध्ये बिल फ्रॅन्सन या विक्रेत्याने त्यांची यंत्रे इंग्लंडमध्ये नेली. बर्मिंगहॅम येथील ब्रॅडली बंधूंनी त्यांच्या आधारे मेलोट्रॉनची निर्मिती केली आणि १९६३ मध्ये त्याची पहिली आवृत्ती बाजारात आली. १९७० मध्ये आलेली ‘एम ४००’ ही आवृत्ती सर्वाधिक प्रसार पावली.

या वाद्याचे तत्त्व सोपे आहे. ‘एम ४००’ मध्ये ३५ कळा असून प्रत्येक कळीखाली चुंबकीय फितीची एक स्वतंत्र पट्टी असते. त्या पट्टीवर एकाच स्वराची तीन वेगवेगळ्या वाद्यांची मुद्रणे शेजारी शेजारी असतात. कळ दाबली की फीत फिरत्या दंडावर व ध्वनिशीर्षावर दाबली जाते आणि मुद्रित स्वर ऐकू येतो. कळ सोडली की स्प्रिंगच्या ताणाने फीत मूळ जागी परतते. फीत चक्राकार जोडलेली नसल्यामुळे स्वराचा मूळ आरंभ, म्हणजे गजाचा पहिला स्पर्श किंवा बासरीतील पहिली फुंकर, शाबूत राहतो. मात्र सुमारे आठ सेकंदांनंतर फीत संपते आणि स्वर थांबतो.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटात हेमंतकुमार यांच्या संगीतात कल्याणजी यांनी क्लॅव्हियोलिनवर बीनेचा आभास निर्माण केला, तो गाजला. क्लॅव्हियोलिन विद्युत-परिपथातून नवा नाद घडविते, म्हणजेच ते दुसऱ्या वाद्याची नक्कल करते. मेलोट्रॉन नक्कल करीत नाही. ते साठवण करते. कोणा एका वादकाने कधीतरी प्रत्यक्ष वाजविलेला स्वरच ते परत ऐकविते. ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेला या यंत्राविषयी वाटलेली धास्ती म्हणूनच स्वाभाविक होती. नकलेशी स्पर्धा करता येते. स्वतःच्याच साठविलेल्या श्रमाशी स्पर्धा करणे कठीण असते.

आकर्षणाची मीमांसा

मेलोट्रॉनच्या नादाचे आकर्षण तीन घटकांत शोधता येते. पहिला घटक मानवी खुणेचा आहे. फितीवरील प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाजवून मुद्रित केलेला असल्यामुळे शेजारच्या दोन कळांचे स्वर कधीच तंतोतंत सारखे नसतात. एकात कंप अधिक असतो, तर दुसऱ्यात फुंकर किंचित उशिरा येते. ऐकणाऱ्याला हा वादक अज्ञात असतो, परंतु त्याचा हात जाणवत राहतो.

दुसरा घटक यांत्रिक दोषाचा आहे. फितीची गती पूर्णपणे स्थिर नसते. एकाच वेळी अनेक कळा दाबल्या तर मोटारीवरचा भार वाढून स्वर किंचित उतरतो. परिणामी वाद्यवृंदाचा भास होतो, पण तो वाद्यवृंद डळमळीत पायावर उभा असल्यासारखा वाटतो. बा. सी. मर्ढेकर यांनी लयतत्त्वाची संवाद, विरोध आणि समतोल अशी जी त्रयी मांडली, तिचा येथे उपयोग होतो. परिचित व्हायोलिनचा नाद आणि त्याला वाहून आणणाऱ्या यंत्राची अस्थिरता यांत विरोध आहे. रचनाकार त्या विरोधाला समतोलात आणतो तेव्हा एक नवा भाव निर्माण होतो. बीटल्सच्या १९६७ मधील ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या गीताच्या आरंभीची मेलोट्रॉनवरील बासरी हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे खरी बासरी सहज उपलब्ध होऊ शकली असती. तरीही यंत्रातील बासरी निवडली गेली, याचा अर्थ ती पर्याय म्हणून नव्हे, तर स्वतंत्र नाद म्हणून निवडली गेली.

तिसरा घटक मर्यादेचा आहे आणि तोच बहुधा दुर्लक्षित राहतो. आठ सेकंदांनी स्वर संपणार हे माहीत असलेला वादक त्या अवधीच्या आत वाक्य पूर्ण करतो किंवा एकेक कळ आलटून पालटून उचलत स्वरसमूह टिकवून धरतो. गायकाला दमसास जे बंधन घालतो, तेच येथे फीत घालते. मर्यादेमुळे रचनेला आकार येतो, हे तत्त्व ख्यालगायनाशी परिचित असलेल्या वाचकाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

संगणकीय प्रतिकृतीचे मूल्यमापन

१९८० च्या दशकात अंकीय सॅम्पलर आले आणि फितीवरील यंत्रे मागे पडली. मेलोट्रॉन बनविणारी मूळ कंपनी १९८६ मध्ये बंद झाली. मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘एम-ट्रॉन’ या सॉफ्टवेअरने तेच मूळ फितींवरील ध्वनी संगणकावर आणले. २००९ मध्ये त्याची विस्तारित आवृत्ती निघाली. २०१० मध्ये फीतविरहित अंकीय मेलोट्रॉनही उपलब्ध झाले.

वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३० च्या दशकात मांडलेला विचार असा की, यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे तेजोवलय क्षीण होते. मेलोट्रॉनच्या बाबतीत या विचाराचे सरळ उपयोजन करता येत नाही, कारण मूळ मेलोट्रॉन हेच पुनर्निर्मितीचे यंत्र आहे. संगणकीय आवृत्ती ही प्रतिकृतीची प्रतिकृती आहे. तेव्हा ‘मूळ श्रेष्ठ, नक्कल कनिष्ठ’ एवढ्या निकषावर तिला नाकारणे तर्काला धरून होणार नाही. शिवाय तिचे लाभही उघड आहेत. जे यंत्र थोड्या स्टुडिओंनाच परवडत होते, त्याचा नाद आज कोणत्याही विद्यार्थ्याच्या संगणकावर येऊ शकतो.

खरा फरक अन्यत्र आहे. सॉफ्टवेअरमध्ये फितीचा कंप ठेवता येतो, कमी करता येतो किंवा पूर्ण काढून टाकता येतो. आठ सेकंदांची मर्यादाही इच्छेनुसार पाळता येते अथवा ओलांडता येते. म्हणजेच मूळ यंत्रात जी अपरिहार्यता होती, ती प्रतिकृतीत निवड बनते. दोषाचे रूपांतर अलंकारात होते. निवड मिळणे वाईट नाही, परंतु ज्याला मूळ बंधनाचे कारणच ठाऊक नाही, त्याची निवड डोळस असू शकत नाही. प्रतिकृती नाद देते. त्या नादाला जन्म देणारी शिस्त मात्र ती आपोआप देत नाही. प्रतिकृतीच्या मूल्यमापनाचा हा निकष मानला, तर विषय पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतापुरता मर्यादित राहत नाही.

तंबोऱ्याची प्रतिकृती : महाराष्ट्रातील प्रश्न

महाराष्ट्रातील संगीतवर्गांत आज तंबोऱ्याचा नाद बहुधा भ्रमणध्वनीवरील ॲपमधून येतो. त्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी होती, बंगळूरचे जी. राज नारायण हे तिच्या आद्य निर्मात्यांपैकी एक होत. ॲपमध्ये प्रत्यक्ष तंबोऱ्याच्या तारांची मुद्रणे साठविलेली असतात आणि ती क्रमाने परत ऐकविली जातात. तत्त्वतः ते मेलोट्रॉनचेच अपत्य आहे. भेद इतकाच की मेलोट्रॉनचा स्वर आठ सेकंदांत संपतो, तर ॲपमधील आवर्तन कधीच संपत नाही.

या अखंडतेचा लाभ मोठा आहे. एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला तंबोऱ्यावर साथीदार मिळत नाही. लहान गावातील महाविद्यालयाला चांगली तंबोऱ्याची जोडी विकत घेणे आणि ती सांभाळणे परवडत नाही. त्यामुळे ॲपचा सरसकट धिक्कार करणे हे वास्तवाकडे पाठ फिरविण्यासारखे होईल.

परंतु तंबोरा हे केवळ आधारस्वर पुरविणारे साधन नाही; तो ऐकण्याची शाळा आहे. खुंटी पिळून तार जवळ आणणे, मणी सरकवून ती नेमक्या स्वरावर बसविणे, जवारीचा दोरा घोडीवर किंचित पुढेमागे करून नाद खुलविणे, जोडीच्या तारा एकमेकींत मिसळेपर्यंत थांबणे, या क्रियांत विद्यार्थ्याचा कान घडतो. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येऊ लागणे हा त्या शिक्षणाचा एक टप्पा असतो. ॲपमध्ये स्वर लागलेलाच मिळतो. स्वर लावण्याचा अनुभव मिळत नाही. मेलोट्रॉनच्या सॉफ्टवेअरने आठ सेकंदांचे बंधन काढले, तसे तंबोरा-ॲपने जुळवणीचे बंधन काढले आहे. फरक असा की पहिले बंधन यंत्राच्या रचनेतून आले होते, तर दुसरे विद्येचाच भाग होते.

या प्रश्नाला आर्थिक बाजूही आहे. मिरज येथील तंतुवाद्य-कारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाचे रक्षण होते, परंतु वाद्य मागणाऱ्या विद्यार्थ्याविना कारागिरी टिकत नाही. ॲपमध्ये साठविलेला सूरही कधीतरी अशाच एखाद्या कारागिराच्या हातच्या भोपळ्यातून निघालेला असतो, हे विसरून चालणार नाही.

संवादिनी : नागपूरच्या वादकाने दिलेले उत्तर

परक्या यंत्राची मर्यादा ओळखून तिला कसे सामोरे जावे, याचे एक उदाहरण नागपूरने दिले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली हार्मोनियम संगीत रंगभूमीपासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांच्या विदर्भापर्यंत घरोघरी पोहोचली. मात्र तिच्यावर मींड घेता येत नाही आणि तिचे स्वर समविभाजित सप्तकात बांधलेले आहेत, असे आक्षेप सतत घेतले गेले. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. हार्मोनियम आणि मेलोट्रॉन यांत एक साम्य आहे. कळ सोडताच दोहोंचा स्वर तुटतो, मागे आस राहत नाही.

नागपूर येथे जन्मलेले पं. मनोहर चिमोटे (१९२९–२०१२) यांनी या उणिवेवर जो उपाय शोधला, तो प्रतिकृतीच्या मार्गाहून भिन्न होता. पं. भीष्मदेव वेदी यांच्या या शिष्याने हार्मोनियमला स्वरमंडळाच्या तारा जोडल्या आणि त्या वाद्याला ‘संवादिनी’ हे नाव दिले. पट्टीतून स्वर निघताच तारा अनुकंपित होतात, आणि कळ सोडल्यानंतरही नादाची आस उरते. येथे सतारीची वा सारंगीची नक्कल नाही. हार्मोनियमचे मूळ स्वरूप झाकलेले नाही. दोष पूर्णपणे नाहीसाही झालेला नाही, कारण मींड संवादिनीवरही येत नाही. तरीसुद्धा आपल्या संगीताला कोणती गोष्ट हवी आहे हे नेमके ओळखून वाद्यात तेवढीच भर घातलेली आहे. केवळ साथीचे मानले गेलेले वाद्य एकलवादनासाठी उभे राहिले, यामागे ही डोळस निवड होती.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. एक, फितीवरील वाद्याचे आकर्षण स्मरणरंजनातून नव्हे, तर मानवी खूण, यांत्रिक दोष आणि बंधन यांच्या एकत्र येण्यातून निर्माण होते. दोन, संगणकीय प्रतिकृती यांपैकी खूण जतन करते, दोषाला अलंकार बनविते आणि बंधन ऐच्छिक करते. म्हणून तिचे मूल्य वापरणाऱ्याच्या जाणतेपणावर अवलंबून राहते. तीन, जे बंधन केवळ यंत्राचे आहे ते सोडण्यास हरकत नाही, परंतु जे बंधन विद्येचे अंग आहे ते सोडल्यास विद्येचीच हानी होते.

या दृष्टीने महाविद्यालयांतील संगीत विभागांनी रियाजासाठी ॲप अवश्य वापरावे, परंतु तंबोरा जुळविणे हा प्रात्यक्षिक परीक्षेचा गुणांकित भाग ठेवावा. ज्या विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने जोड मिळविली आहे, त्याला भ्रमणध्वनीतून येणारा नाद कशाची प्रतिकृती आहे हे कळलेले असते. असा विद्यार्थी प्रतिकृतीचा ग्राहक राहत नाही. प्रसंगी तो चिमोट्यांप्रमाणे वाद्यात भर घालण्याचा विचारही करू शकतो. वाद्यांच्या इतिहासात पुढची पावले अशाच विचारातून पडली आहेत.