बारावीच्या गणितातील गुणदान : अपेक्षा आणि वास्तव
(सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

बारावी विज्ञान शाखेच्या गणिताच्या गुणांकडून आपण एकाच वेळी तीन अपेक्षा ठेवतो. त्यांनी विद्यार्थी उत्तीर्ण झाल्याचा दाखला द्यावा, स्पर्धेतील त्याचे स्थान सांगावे आणि पदवीस्तरावरील गणित पेलण्याची त्याची तयारी किती आहे हेही स्पष्ट करावे. यांपैकी पहिले काम राज्य मंडळाची परीक्षा करते व दुसरे काम सामाईक प्रवेश परीक्षेकडे गेले आहे. तिसरे काम मात्र कोणाकडेच राहिलेले नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा करावयाची आहे. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात आणि येथील पुष्कळ कनिष्ठ महाविद्यालये वरिष्ठ महाविद्यालयांच्याच आवारात भरतात. त्यामुळे बारावीच्या गुणपत्रिकेतील गणित आणि प्रथम वर्षाच्या वर्गातील गणित यांतील अंतर येथील प्राध्यापकांना विशेष जवळून पाहता येते.

प्रश्नपत्रिकेची रचना

बारावीच्या गणित व संख्याशास्त्र या विषयास लेखी परीक्षेचे ८० आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात. लेखी प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या विभागात २० गुणांचे वस्तुनिष्ठ व अतिलघुत्तरी प्रश्न असून ते सर्व सोडवावे लागतात. पुढील तीन विभागांत मात्र विकल्प आहेत. दोन गुणांच्या बारांपैकी आठ, तीन गुणांच्या बारांपैकी आठ आणि चार गुणांच्या आठांपैकी पाच प्रश्न सोडवावयाचे असतात. म्हणजे छापील प्रश्न एकूण ११२ गुणांचे असतात आणि त्यांतील ३२ गुणांचे प्रश्न सोडून देण्याची मुभा असते.

विकल्प असणे हा मुळात दोष नव्हे. परंतु त्याचा अध्यापनावर होणारा परिणाम पाहिला पाहिजे. दोन भागांच्या पाठ्यपुस्तकात एकूण पंधरा प्रकरणे आहेत. त्यांतील कोणती ‘सोडली तरी चालतील’ याचा हिशेब वर्षाच्या आरंभीच मांडला जातो. प्रात्यक्षिकात २० पैकी १८ गुण मिळालेल्या विद्यार्थ्यास एकूण ६० गुणांसाठी लेखी परीक्षेत ४२ गुण पुरतात; अनुत्तीर्ण न होण्यासाठी तर १७ च लागतात. सदिश आणि प्रतल यांना स्पर्शही न केलेला विद्यार्थी आणि निश्चित संकलन टाळणारा विद्यार्थी या दोघांच्या गुणपत्रिकेवर एकच आकडा दिसू शकतो. त्या आकड्यावरून विद्यार्थ्यास काय येते हे कळत नाही व काय येत नाही याचाही बोध होत नाही.

प्रात्यक्षिकाचे वीस गुण

हे वीस गुण वर्षभराच्या कामाचे प्रतिबिंब असावेत, अशी कल्पना आहे. प्रत्यक्षात नोंदवही पूर्ण असणे हाच बहुधा निकष ठरतो आणि वर्गातील सर्वांना जवळपास सारखेच गुण मिळतात. ज्या मापनात फरक पडत नाही, ते मापन उरत नाही. तथापि याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. शेजारच्या महाविद्यालयात वीसपैकी एकोणीस दिले जात असताना आपल्या विद्यार्थ्यास प्रामाणिकपणे बारा देणे म्हणजे त्याच्याच पायावर धोंडा पाडणे होय, हे त्याला ठाऊक असते. येथे व्यक्तीचा प्रामाणिकपणा व्यवस्थेपुढे हतबल होतो.

संस्थांतर्गत गुणांवर सर्वस्वी विसंबल्यास काय घडते, हे २०२१ मध्ये दिसून आले. कोविडमुळे त्या वर्षी बारावीची परीक्षा रद्द झाली आणि दहावीचे ३०, अकरावीचे ३० व बारावीचे ४० टक्के या सूत्राने निकाल लावण्यात आला. राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. लेखी परीक्षेवर आधारलेला २०२० चा निकाल ९०.६६ टक्के होता व २०२३ चा ९१.२५ टक्के. आपत्काळातील त्या निर्णयास पर्याय नव्हता, हे मान्य करूनही या आकड्यांचा अर्थ दुर्लक्षिता येत नाही.

प्रवेश परीक्षेची अपेक्षा

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय गाठू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे लक्ष मंडळाच्या गुणांपेक्षा प्रवेश परीक्षेतील पर्सेंटाइलकडे असते. या परीक्षेत गणिताचे ५० बहुपर्यायी प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. येथे वेग व पर्यायनिवडीचे कौशल्य निर्णायक ठरते. पायरीपायरीने युक्तिवाद लिहिण्यास वाव नाही. शिवाय तीत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा भार सुमारे २० टक्केच आहे. सीमा, सातत्य, गणिती विगमन, संच व संबंध ही प्रकरणे अकरावीत आहेत आणि पदवीच्या प्रथम वर्षाचे गणित नेमके तेथूनच सुरू होते. म्हणजे ज्या पायावर पुढील इमारत उभारावयाची, त्याला मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत स्वतंत्र स्थान नाही व प्रवेश परीक्षेत ते अल्प आहे.

या संदर्भात एक ऐतिहासिक दाखला विचारार्ह आहे. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर ठरले आणि ‘रँग्लर’ ही पदवी महाराष्ट्रात बुद्धिमत्तेची खूण बनली. परंतु त्याच केंब्रिजने १९०९ नंतर रँग्लरांची गुणानुक्रमे यादी जाहीर करणे बंद केले. क्रमांकासाठी खाजगी मार्गदर्शकांकडे घोटून घेतलेली तयारी गणिताच्या खऱ्या अध्ययनास मारक ठरते, असा तेथील सुधारणावाद्यांचा आक्षेप होता. आपण रँग्लर ही उपाधी स्वीकारली. ती क्रमवारी मोडीत का निघाली, याचा विचार मात्र केला नाही.

एक आक्षेप

गुणदान काटेकोर केल्यास त्याचा फटका माण, खटाव, जत, आटपाडी अशा दुष्काळी तालुक्यांतील, खाजगी शिकवणी न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांनाच बसेल, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे. परंतु शहरातील विद्यार्थ्यास शिकवणीतील साप्ताहिक चाचणी त्याच्या उणिवा सांगते. ग्रामीण विद्यार्थ्याजवळ वर्गातील गुणांखेरीज दुसरा आरसा नाही. तोच खोटा निघाला तर उणीव प्रथम वर्षात, अपयशाच्या रूपाने कळते आणि तेव्हा सावरण्यास वेळ व पैसा दोन्ही नसतात. तेव्हा उदार गुणदानाचा फटका ज्याच्यापाशी दुसरे साधन नाही त्यालाच अधिक बसतो.

याउलट २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात दहावीच्या गणितात वा विज्ञानात २० ते ३४ गुण मिळवणाऱ्यास, पुढे तो विषय घेता येणार नाही अशा शेऱ्यानिशी उत्तीर्ण करण्याची कल्पना मांडली गेली. तीत स्पष्टता आहे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी दार कायमचे बंद करणारी स्पष्टताही शैक्षणिक म्हणता येणार नाही. उणीव दाखवून ती भरून काढण्याची संधी देणारे गुणदान अपेक्षित आहे.

निष्कर्ष

मंडळाचे नियम बदलेपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही. एक, प्रात्यक्षिकाच्या वीस गुणांचा काही भाग वर्गात लिहिलेल्या सिद्धतांना द्यावा. त्या तपासून परत कराव्यात आणि सुधारून पुन्हा लिहिणाऱ्यास वाढीव गुण मिळावेत. यासाठी एका परिसरातील महाविद्यालयांनी समान निकष ठरवून उत्तरपत्रिकांची परस्पर तपासणी केल्यास एकट्या शिक्षकावरील दडपण कमी होईल. दोन, अकरावीच्या पायाभूत प्रकरणांवर बारावीतही नियमित चाचण्या असाव्यात. तीन, पदवीच्या प्रथम वर्षाच्या आरंभी प्रवेशाशी संबंध नसलेली निदानात्मक चाचणी घेऊन तिचे प्रकरणनिहाय निष्कर्ष त्याच आवारातील कनिष्ठ महाविद्यालयास कळवावेत.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि तिच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत विद्यार्थ्याच्या श्रमास मोल दिले. या परिसरातील विद्यार्थी कष्टाला कमी पडतो, असे म्हणता येणार नाही. त्याचे कष्ट कोठे अपुरे पडत आहेत, हे वेळेवर सांगणे ही गुणदानाची किमान जबाबदारी आहे आणि ती आज पार पाडली जात नाही.