तपकिरी पाठ

छायाचित्रात दोन शेकाटे आहेत. उथळ पाण्यातून डावीकडून उजवीकडे चाललेत, अंगाला अंग लावून. मादी आपल्या बाजूला, नर तिच्या पलीकडे. दोघांच्या लांब काळ्या चोची एकमेकींवर तिरप्या टेकल्यात आणि नराचा एक पंख अर्धवट उघडून मादीच्या पाठीवर आलाय. बघणारा पहिल्यांदा हमखास म्हणतो, ‘वा, काय प्रेम आहे!’ प्रेमाचं त्यांचं त्यांना माहीत. मला या चित्रात गुंतवून ठेवते ती एकच जागा, जिथे नराचा काळा पंख मादीच्या तपकिरी पाठीवर पडतो ती.

चित्र नांदूर मध्यमेश्वरचं. काढणारा माझा मित्र निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. थंडीत तिकडे रीघ लागते. क्रौंच, चक्रवाक आणि बदकांचे थवे बघायला चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहायला जागा नसते. उन्हं तापली की पाहुणे पक्षी जातात, त्यांच्यामागून कॅमेरेही जातात. शेकाटे तिथेच असतात. एप्रिलची खरड छाटणी आटोपली की मित्र सकाळी लवकर निघतो. तेव्हा पाणी ओसरून गाळाचे उंचवटे उघडे पडलेले असतात आणि त्यांवर शेकाट्यांचा विणीचा हंगाम सुरू असतो. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा झाला आणि वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. पाटबंधारेवाल्यांची ती डोकेदुखी. पण गुडघाभर पाण्यात हिंडणाऱ्या पक्ष्यांना त्या गाळानेच घर दिलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

आता चित्रातल्या घटनेकडे. मीलनाआधी मादी मान पुढे ताणून पाण्याला समांतर करते आणि निश्चल उभी राहते. नर तिच्या शेजारी पाण्यात चोच बुडवतो, पाणी उडवतो, छातीची पिसं साफ करतो. मग तिच्या मागून दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा तेच. बराच वेळ ही येरझार चालते. मीलन मात्र क्षणात उरकतं. नर खाली उतरतो, पंख तिच्या पाठीवर तसाच असतो, चोची एकमेकींवर येतात आणि दोघं अशीच काही पावलं चालतात. मग वेगळी होतात, जणू काही झालंच नाही. मित्राच्या फोल्डरमध्ये या सगळ्याचे फोटो आहेत. पंख उभारून मादीच्या पाठीवर तोल सावरणारा नरही आहे, आणि स्पर्धांना लोक सहसा तोच पाठवतात. याने चालण्याची फ्रेम निवडली. मला ही निवड फार आवडते. मीलनाच्या फोटोत सगळं एका नजरेत कळतं आणि नजर पुढे जाते. या फोटोत थांबावं लागतं. आधी काय झालं असेल, पुढे काय होईल, हे दोन चोचींच्या त्या तिरक्या रेषांवरून वाचावं लागतं.

या निवडीवरून आठवतात ते याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत एक छोटी फिल्म केली होती. मधला वेळ गाळला, म्हणून वाढ दिसली. मित्राने तर जवळजवळ सगळंच गाळलं आणि एक फ्रेम ठेवली.

कॅमेरा पाण्याच्या पातळीला आहे. काठाच्या वाळलेल्या चिखलात पालथं पडून फोटो काढलाय. मनोऱ्यावरून घेतला असता तर पक्षी चिखलावर चिकटवल्यासारखे दिसले असते. इथे मागचं पाणकणीस विरघळून नुसता हिरवट पट्टा उरलाय आणि ते गुलाबी-लाल पाय अख्खेच्या अख्खे मिळालेत. वर पाय, खाली पायांची प्रतिबिंबं.

मूळ फाइल त्याने मला दाखवली. रॉ फाइल अगदीच मरगळलेली. शेकाट्याची मान आणि पोट पांढरंशुभ्र, पाठ काळी, वर मे महिन्याचं ऊन. पांढरं एकदा जळलं की त्यातली पिसं कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाहीत, म्हणून एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवलेलं. त्यामुळे सावल्या बुडाल्या आणि मूळ फाइलमध्ये दोन्ही पाठी सारख्याच काळ्या दिसतात. नराची पाठ खरोखर काळी असते, किंचित हिरव्या झाकेची. मादीची तपकिरी. आता सवयीप्रमाणे कॉन्ट्रास्ट वाढवला असता तर चित्र ‘उठून’ दिसलं असतं, आणि काळ्या पाठीवर पडलेला काळा पंख नाहीसा झाला असता. उरले असते एकमेकांना खेटलेले दोन काळे-पांढरे पक्षी. ज्या पंखामुळे हा फोटो आहे, तो पंखच गेला असता.

त्याने मादीच्या पाठीपुरता मास्क केला आणि फक्त तिथल्या सावल्या हळूहळू उचलल्या. तपकिरी वर आली, पंखाची कड सुटी झाली. ‘मी काही घातलं नाही रे, होतं तेच काढलं,’ तो म्हणाला. हे त्याला जमलं, कारण नर-मादीतला फरक त्याला कॅमेरा घेण्याआधीपासून ठाऊक होता.

बाकीची कामं उरकलेली आहेत, पण विचाराने. पायांचा लाल रंग भडकवायचा मोह कोणालाही होईल. त्याने तो उलट जरासा उतरवलाय, नाहीतर डोळा चोचींपर्यंत पोचण्याआधी पायांतच अडकला असता. शार्पनिंग डोळ्यांपुरतं आणि चोचींपुरतं, कारण निवांत पाण्यावरच्या बारीक पायांना ते जरा जास्त झालं की कडेने पांढरी रेघ येते. क्रॉप करताना उजवीकडे भरपूर पाणी सोडलंय. दोघं वेगळी होणार ती तिथे. डाव्या कोपऱ्यात थर्माकोलचा एक धूसर तुकडा तरंगतोय. तो पुसणं दोन मिनिटांचं काम. निसर्ग छायाचित्रणाच्या बऱ्याच स्पर्धांत मात्र असं पुसणं चालत नाही. त्याला स्पर्धेला पाठवायचा नव्हता, तरी तुकडा ठेवला. नदीत आहे, मग फोटोत का नको, हे त्याचं म्हणणं.

एका गोष्टीवर आमचं पटत नाही. पाण्याला त्याने सोनेरी झाक दिली आहे. सकाळचं ऊन असतं तसं, असं तो म्हणतो. त्या ऋतूत गोदावरीचं साचलेलं पाणी गढूळ हिरवट असतं, आणि मला ते तसंच हवं होतं. शिवाय त्या सोनेरीमुळे तपकिरी पाठही थोडी तांबूस झाली आहे. जिच्यासाठी एवढा जीव टाकला, तिच्याच रंगात ही भेसळ. तो ऐकत नाही.

मोबाइलवर हे चित्र बघू नये. फॉरवर्ड होत होत दाबलं गेलं की तपकिरीचा पुन्हा काळा होतो, आणि ‘दोन्ही नर आहेत का?’ असं कोणीतरी विचारतं. पहिली प्रिंटही अशीच बिघडून आली. लॅबच्या मशीनने आपणहून कॉन्ट्रास्ट वाढवला होता. दुसऱ्या वेळी ऑटो करेक्शन बंद करायला सांगून, मॅट कागदावर काढून घेतली. ती त्याच्या बैठकीत खिडकीच्या समोरच्या भिंतीवर आहे. बघायची तर दिवसा बघा. ट्यूबलाइटखाली पंखाची कड नीट कळत नाही.