महामार्ग भूसंपादनातील लवाद व न्यायालयाची अधिकारिता : बाळापूरच्या संदर्भात

बाळापूर हे राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ (पूर्वीचा क्र. ६) वरील गाव. महामार्गासाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्यास मोबदला अमान्य असल्यास राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३-जी(५) अन्वये केंद्र शासनाने नेमलेल्या लवादाकडे जावे लागते. तो निवाडाही मान्य नसेल तर दाद कोणत्या न्यायालयात मागावी?

लवाद व समेट अधिनियम, १९९६ चे कलम २(१)(ई) जिल्ह्यातील मूळ अधिकारितेच्या प्रमुख दिवाणी न्यायालयाचा निर्देश करते व कनिष्ठ न्यायालये वगळते. साहजिकच बाळापूरचे दिवाणी न्यायालय बाद होते. जावे लागते अकोल्यास. नागपूर खंडपीठास मुंबईप्रमाणे साधारण मूळ दिवाणी अधिकारिता नाही. तेथे पोहोचता येते ते कलम ३७ च्या अपिलाने.

मात्र लवादाचे कामकाज अमरावतीस चालले असेल तर? 'बीजीएस एसजीएस सोमा' (२०१९) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने लवादाच्या आसनस्थानास अनन्य अधिकारिता दिली. हे तत्त्व पक्षकारांच्या संमतीवर उभे आहे. शेतकऱ्याने तर कोणताच करार केलेला नसतो. लवाद त्याच्यावर कायद्याने आलेला असतो. म्हणून जमीन जेथे, तेथील जिल्हा न्यायालय हाच अर्थ अधिक न्याय्य वाटतो. प्रश्न केवळ तात्त्विक नाही. कलम ३४(३) ची मुदत तीन महिन्यांची, पुढे फार तर तीस दिवस. चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ वगळून मिळावा म्हणून मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १४ खाली आपला सद्भाव व तत्परता शेतकऱ्यालाच सिद्ध करावी लागते.