वाक्याएवढी कथा : लिडिया डेव्हिस यांचे कथालेखन आणि अनुवादाची शिस्त

प्रास्ताविक

२०१३ साली मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी निवडलेल्या अंतिम दहा लेखकांमध्ये कन्नडचे यू. आर. अनंतमूर्ती आणि उर्दूचे इंतिज़ार हुसेन यांचा समावेश होता. त्यामुळे आपल्याकडे त्या वर्षी या पुरस्काराकडे नेहमीपेक्षा अधिक लक्ष होते. पुरस्कार मिळाला तो अमेरिकन लेखिका लिडिया डेव्हिस यांना. ज्यांच्या कित्येक कथा एका परिच्छेदाच्या आणि काही तर एका वाक्याच्या आहेत, अशा लेखिकेला हा सन्मान मिळावा याचे अनेकांना नवल वाटले. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष क्रिस्टोफर रिक्स यांनीही या लेखनाला नेमके काय म्हणावे, असा प्रश्न उपस्थित करून किस्सा, निबंध, विनोद, दृष्टांत, प्रार्थना, निरीक्षण अशी पर्यायांची मोठी यादीच दिली होती.

मराठी वाचकापुढे हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात उभा राहतो. अतिलघू कथेचे दोन साचे आपल्या परिचयाचे आहेत. पहिला रूपककथेचा. वि. स. खांडेकरांनी तो मराठीत रुजविला आणि त्यात कथेच्या मागे एक अर्थ उभा असतो. दुसरा अलीकडचा, ‘अलक’ या आद्याक्षरी नावाने लोकप्रिय झालेल्या अति लघु कथेचा. त्यात शेवटच्या ओळीतील कलाटणीला महत्त्व असते. डेव्हिस यांची कथा या दोन्हींत बसत नाही. तिच्यात तात्पर्य नाही आणि बहुधा कलाटणीही नाही. तात्पर्याची सवय झालेला वाचक, आणि वर्गात आपण नकळत तोच वाचक घडवीत असतो, ही कथा वाचून ‘मग पुढे काय?’ असे विचारतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर डेव्हिस यांच्या अनुवादकार्यात शोधण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांची कथा लहान आहे, कारण तिचे एकक घटना नसून वाक्य आहे. आणि वाक्याकडे अशा रीतीने पाहण्याची सवय ही अनुवादकाची सवय आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दोन समांतर वाटा

लिडिया डेव्हिस यांचा जन्म १९४७ साली मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टन येथे झाला. वडील रॉबर्ट गोरॅम डेव्हिस हे समीक्षक व प्राध्यापक, तर आई होप हेल डेव्हिस लेखिका. अगदी आरंभी त्या रूढ वळणाची लघुकथा लिहिण्यासाठी धडपडत होत्या. १९७३ मध्ये रसेल एडसन या अमेरिकन गद्यकवीचे छोटे, विक्षिप्त गद्यखंड वाचनात आले आणि लघुकथेची चौकट मोडता येते हे ध्यानात आले, असे त्यांनी नमूद केले आहे. त्यानंतर रोज लहान लहान कथा लिहिण्याचा त्यांनी परिपाठ ठेवला. त्यातून ‘द थर्टीन्थ वूमन’ (१९७६) हे पहिले छोटे पुस्तक सिद्ध झाले. पुढे ‘ब्रेक इट डाउन’ (१९८६), ‘ऑलमोस्ट नो मेमरी’ (१९९७), ‘सॅम्युएल जॉन्सन इज इंडिग्नंट’ (२००१), ‘व्हरायटीज ऑफ डिस्टर्बन्स’ (२००७), ‘कान्ट अँड वोन्ट’ (२०१४) आणि ‘अवर स्ट्रेंजर्स’ (२०२३) हे संग्रह आले. २००९ चा ‘कलेक्टेड स्टोरीज’ हा सातशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ आहे, आणि त्यात जवळजवळ दोनशे कथा आहेत. ‘द एन्ड ऑफ द स्टोरी’ (१९९५) ही त्यांची एकमेव कादंबरी.

याच काळात दुसरी वाट चालू होती. फ्रेंचमधून इंग्रजीत अनुवाद हे डेव्हिस यांच्या उपजीविकेचे साधन होते. मॉरिस ब्लांशो व मिशेल लेरिस यांच्यासारख्या दुर्घट लेखकांबरोबरच केवळ मोबदल्यासाठी घेतलेली पुस्तकेही त्यांनी अनुवादित केली. समीक्षेत मात्र या दोन वाटांचा उल्लेख एकाच वाक्यात करून त्या वेगळ्या ठेवल्या जातात. आपल्याकडेही फार निराळे घडत नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे अनुवाद केले, पण जी.एं.च्या कथेचा विचार करताना ते अनुवाद सूचीतच राहतात.

अनुवादाची शिस्त

प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड डेव्हिस यांनी इंग्रजीत आणला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर इंग्रजी वाचकाचा प्रूस्त म्हणजे १९२२ पासून वाचला जाणारा, पुढे दोनदा संस्कारित झालेला स्कॉट मॉन्क्रिफ यांचा अनुवाद होता. मॉन्क्रिफ यांची भाषा भरजरी आहे. मूळ एका शब्दाच्या जागी दोन शब्द, साध्या विशेषणाच्या जागी अधिक काव्यात्म विशेषण असे त्यांत घडते. डेव्हिस यांनी नेमके उलट केले. उपवाक्यांचा क्रम, शक्य तेथे स्वल्पविरामांची जागा, शब्दांचा साधेपणा हे सर्व मुळाजवळ ठेवण्याचा त्यांचा आग्रह आहे. अनुवादकाने मुळात भर घालू नये, एवढेच नव्हे तर मूळ वाक्य जेथे अवघडलेले असेल तेथे ते सुधारूही नये, ही त्यामागची भूमिका.

प्रूस्तच्या प्रदीर्घ वाक्यांत दिवसचे दिवस काढीत असताना कथा किती लहान होऊ शकते हे पाहण्याची ओढ लागली, असे डेव्हिस यांनी मुलाखतीत सांगितले आहे. हे विधान वारंवार सांगितले जाते आणि त्याचा अर्थ सहसा ‘प्रतिक्रिया’ असा लावला जातो : लांब वाक्याचा कंटाळा आला, म्हणून कथा आखूड झाली. हा अर्थ अपुरा वाटतो. परिच्छेदाएवढ्या कथा त्या १९७३ पासून लिहीत होत्या. प्रूस्त पंचवीसहून अधिक वर्षांनंतर आला. शिवाय, प्रूस्तचे लांब वाक्य आणि डेव्हिस यांची एका वाक्याची कथा यांत विरोधापेक्षा नातेच अधिक आहे. दोन्हींत एक विचार वाक्यरचनेच्या बळावर शेवटपर्यंत नेला जातो, आणि वाक्य संपते तेथेच तो संपतो. ‘सॅम्युएल जॉन्सन इज इंडिग्नंट’ ही कथा शीर्षकातच सुरू होते. शीर्षक हे मुख्य वाक्य आणि कथा हे त्याचे गौण उपवाक्य. स्कॉटलंडमधील झाडांविषयीची एक तक्रार, एवढाच तिचा ऐवज. अठराव्या शतकातील एका विद्वानाचा त्रागा व्याकरणाच्या एका सांध्यावर तोललेला आहे. येथे विनोद आशयात कमी आणि रचनेत जास्त आहे.

‘मादाम बोव्हारी’चा अनुवाद २०१० मध्ये आला. ज्युलियन बार्न्स यांनी त्याच वर्षी त्याचे सविस्तर परीक्षण केले. अनुवादाची काटेकोर निष्ठा त्यांनी मान्य केली; पण फ्रेंच वाक्यरचनेचे प्रतिबिंब उमटविण्याच्या प्रयत्नात इंग्रजी कधी अवघडते आणि वाचकाला फ्लोबेरऐवजी अनुवादकाची सावधगिरीच दिसू लागते, असा त्यांचा आक्षेप होता. अनुवादापुरता हा आक्षेप काही ठिकाणी रास्त आहे. मात्र बार्न्स ज्याला दोष म्हणतात, तेच डेव्हिस यांच्या कथेचे द्रव्य आहे. भाषेविषयीची ही अतिजागरूकता अनुवादात क्वचित आड येते. कथेत तिचेच पात्र होते.

अनुवादातून निपजलेली कथा

याचे सरळ पुरावे आहेत. फ्रांस्वाज जिरू यांच्या मेरी क्युरीवरील चरित्राचा अनुवाद डेव्हिस यांनी १९८६ मध्ये केला होता. पुढे त्याच सामग्रीतून ‘मेरी क्युरी, सो ऑनरेबल वूमन’ ही कथा तयार झाली. तिचे इंग्रजी मुद्दाम मोडके, शब्दशः अनुवादाचे आहे. चांगला अनुवादक जे खोडून टाकतो ते येथे तसेच ठेवले आहे, आणि थोर व्यक्तींच्या चरित्रांत ठरलेला गौरवाचा सूर आपोआप उघडा पडतो. ‘फ्रेंच लेसन वन : ल मर्त्र’ ही कथा भाषेच्या पाठ्यपुस्तकाचे रूप घेते. शेत, गायी, शेतकऱ्याची बायको असे निरुपद्रवी शब्द शिकवीत पाठ पुढे सरकतो, इंग्रजी मजकुरात फ्रेंच शब्द वाढत जातात, आणि आपण शब्दसंग्रह वाढवीत असतानाच खुनाच्या जवळ येऊन पोहोचलो आहोत हे वाचकाच्या ध्यानात येते.

‘बोव्हारी’च्या कामाच्या वेळी फ्लोबेरने लुईझ कोले हिला लिहिलेली पत्रे डेव्हिस वाचत होत्या. त्यांतील छोटे प्रसंग निवडून, अनुवादून, थोडे फेरफार करून ‘कान्ट अँड वोन्ट’मध्ये त्या कथा म्हणून आल्या. एका कथेत फ्लोबेरच्या स्वयंपाकिणीला देशात आता राजा उरलेला नाही हेच ठाऊक नसते, आणि तिच्या या निरिच्छेपुढे लेखकालाच आपली बुद्धी तोकडी वाटते. या कथेचा लेखक कोण? फ्लोबेर, की त्याच्या पत्रातून नेमका तेवढाच तुकडा उचलणारी अनुवादिका? निवड करणे, कोठे थांबायचे ते ठरविणे हेही लेखनच होय.

व्याकरण आणि मृत्यू

या सर्व विवेचनाची खरी कसोटी ‘ग्रॅमर क्वेश्चन्स’ या कथेत लागते. ‘व्हरायटीज ऑफ डिस्टर्बन्स’मधील ही कथा दोन-तीन पानांची आहे. वडील मृत्युशय्येवर आहेत आणि निवेदिका फक्त व्याकरणाचे प्रश्न विचारते. ते येथे राहतात असे आता वर्तमानकाळात म्हणता येईल काय? मरणे हे क्रियापद चालू वर्तमानात वापरले की ते काही तरी कृती करीत आहेत असे वाटते, पण श्वासाखेरीज ते काय करतात? पुढे ‘त्यांचे शरीर’ म्हणताना त्या षष्ठीचा स्वामी कोण? राखेकडे बोट दाखवून हे माझे वडील आहेत म्हणायचे, की होते? शोकाचा एकही शब्द कथेत नाही. काही समीक्षकांना डेव्हिस यांचे लेखन कोरडे वाटते. त्यांनी ही कथा मोठ्याने वाचून पाहावी. दुःखाला जेव्हा कोणताही शब्द पुरत नाही, तेव्हा मनुष्य प्रत्ययांना धरून राहतो, असा हा अनुभव आहे.

ही कथा मराठीत आणू पाहणाऱ्याला दोन गोष्टी जाणवतात. इंग्रजीत वास्तव्य करणे आणि जिवंत असणे यांसाठी एकच क्रियापद आहे, आणि कथेतील पहिला पेच त्यावर उभा आहे. मराठीत ‘राहणे’ आणि ‘जगणे’ ही क्रियापदे वेगळी असल्याने तो पेच निसटतो. चालू वर्तमानाचेही तसेच. वडीलधाऱ्यांविषयी ‘मरत आहेत’ असे मराठी माणूस म्हणत नाही; ‘अत्यवस्थ आहेत’ म्हणतो, नंतर ‘गेले’ म्हणतो. आपल्या भाषेने हा प्रश्न शिष्टाचाराने आधीच झाकून टाकला आहे.

परंतु मराठीत दुसरीकडे असे काही आहे जे इंग्रजीत नाही. वडिलांसाठी आपण आदरार्थी ‘ते’ वापरतो. शरीर हा नपुंसकलिंगी शब्द, त्याचेही सर्वनाम ‘ते’. इंग्रजीत माणसाचे प्रेत होताना सर्वनाम बदलते. मराठीत सर्वनाम तसेच राहते, बदलते ते क्रियापदाचे वचन : ‘ते आहेत’ याचे ‘ते आहे’ होते. एक माणूस आणि त्याचे शव यांतील अंतर मराठीत एका ‘त’चे आहे. निवेदिकेला मराठी येत असती तर तिने या ‘त’पाशी नक्कीच एक परिच्छेद खर्च केला असता. असा परिच्छेद अनुवादकाने लिहावा काय? मुळात भर घालू नये हा डेव्हिस यांचा स्वतःचा नियम आड येतो. तथापि, राहणे-जगणे हा पेच गमावल्यावर त्याच्या जागी हा ठेवणे ही भर नसून भरपाई आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कथेची निष्ठा तिच्या शब्दांशी आहे तशीच तिच्या कृतीशीही आहे, आणि तिची कृती म्हणजे आपल्या भाषेची शिवण उसवून पाहणे.

काही मर्यादा

सर्वच कथा या उंचीच्या नाहीत. ‘कान्ट अँड वोन्ट’मधील स्वप्नांवर आधारित तुकड्यांपैकी बरेचसे टिपणवहीतच शोभले असते. कुरणातील गायींचे निरीक्षण करणारे ‘द काऊज’ (२०११) हे छोटे पुस्तक संयमाने लिहिलेले आहे. पण तेथे निरीक्षणाला ताण मिळत नाही. भाषेचा प्रश्न जेथे एखाद्या मानवी गरजेला भिडतो तेथेच डेव्हिस यांची कथा उभी राहते. ‘ब्रेक इट डाउन’मध्ये एक पुरुष संपलेल्या प्रेमसंबंधाचा तिकीट, हॉटेल, जेवण असा हिशेब मांडतो, त्या आकडेमोडीला धार आहे, कारण हिशेब जुळणार नाही हे मांडणाऱ्यालाही ठाऊक आहे. गरज नसली की उरते ती केवळ चतुराई.

अनुवादाचे काम मात्र थांबलेले नाही. उतारवयात डेव्हिस डच शिकल्या आणि ए. एल. स्नायडर्स या डच लेखकाच्या छोट्या कथांचा ‘नाइट ट्रेन’ हा अनुवाद २०२१ मध्ये आला. स्नायडर्स यांनी आपल्या कथांना ‘अत्यंत लघू कथा’ या अर्थाच्या डच शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘झेडकेव्ही’ असे नाव दिले होते. ‘अलक’ हा शब्द ज्या रीतीने घडला, अगदी त्याच रीतीने.

‘लेटर टु अ फ्युनरल पार्लर’ या कथेचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. वडिलांच्या दहनानंतर निवेदिका अंत्यसंस्कार करणाऱ्या व्यवसायसंस्थेला पत्र लिहिते. तक्रार सेवेची नाही, एका शब्दाची आहे. दहन आणि अवशेष यांसाठीच्या दोन इंग्रजी शब्दांना कापून जोडलेला, बाजारी वळणाचा एक जोडशब्द त्या संस्थेने तिच्यासमोर सहज वापरला आणि तो तिला सहन झाला नाही. पत्र अतिशय सभ्य आहे. मराठीत या जागी ‘अस्थी’ आणि ‘रक्षा’ हे दोन शब्द तयार आहेत. दोन्ही इतके शुचिर्भूत की तक्रारीला जागाच उरत नाही. म्हणजे या कथेच्या मराठी अनुवादकाला प्रथम एक वाईट शब्द घडवावा लागेल.