विवाहसंहितेतील कर्ता आणि कर्म

विवाहविधीच्या भाषेतील लिंगभेदाची चर्चा बहुधा ‘कन्यादान’ या एका शब्दाभोवती फिरते. तो वगळला की संहिता निर्दोष झाली, असे गृहीत धरले जाते. परंतु पक्षपात सुट्या शब्दापेक्षा वाक्यरचनेत अधिक खोलवर रुजलेला असतो. विवाहविधी ही उच्चारली जाणारी संहिता असल्यामुळे तीत कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो आणि कोणाविषयी बोलले जाते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

कन्यादानाच्या संकल्पात पिता कर्ता, वर संप्रदान आणि वधू कर्म असते. वधूवरांची ओळख प्रपितामह, पितामह व पिता अशा तीन पुरुषपिढ्यांनी दिली जाते. त्या उच्चारात मातांना स्थान नाही. धर्म, अर्थ व काम यांत वधूला डावलणार नाही, या अर्थाचे ‘नातिचरामि’ हे वचन वर देतो खरा. पण ते मागतो तिचा पिता. सप्तपदीच्या अखेरच्या पावलावर तिला ‘सखा’ म्हटले जाते, आणि त्याच दमात ‘अनुव्रता’ होण्यास सांगितले जाते. संस्कृत कोणाला कळते, म्हणून ही भाषा निरुपद्रवी, असा युक्तिवाद केला जातो. मात्र मराठी निमंत्रणपत्रिका सर्वांनाच कळते. तीत वर केवळ ‘चि.’ असतो, तर वधू ‘चि. सौ. कां.’, म्हणजे तिच्या आयुष्याच्या शुभेच्छेलाही पतीच्या आयुष्याची अट जोडलेली.

या संदर्भात वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात मार्च १९४८ मध्ये झालेला एक विवाह लक्षणीय आहे. आंध्रातील नास्तिक कार्यकर्ते गोरा यांची कन्या मनोरमा आणि दलित तरुण अर्जुनराव यांचा हा विवाह. विधीतील ‘ईश्वराच्या नावाने’ हे शब्द गोरांच्या नास्तिक भूमिकेशी विसंगत होते. त्यांच्या जागी ‘सत्याच्या नावाने’ असे म्हणण्यास गांधींनी संमती दिली होती. गांधींच्या हत्येनंतर हा विवाह ठरल्याप्रमाणे पार पडला. उच्चारणाऱ्याच्या श्रद्धेशी प्रामाणिक राहण्यासाठी विधीची शब्दरचना बदलता येते, हे या प्रसंगाने सिद्ध केले. तथापि हा बदल शपथेच्या साक्षीपुरता होता, आणि त्याची चर्चा झाली ती वधूपिता व गांधी यांच्यात. साक्षी बदलला, वक्त्याचा प्रश्न शिल्लक राहिला.

तो प्रश्न जोतीराव फुल्यांनी साठ वर्षे आधीच हाताळला होता. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सत्यशोधक समाजाच्या पूजाविधीतील मंगलाष्टकांत वधूवर परस्परांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वराकडून वचन घेते. येथे पुरोहिताची मध्यस्थी तर संपतेच, पण ‘ती’ची ‘मी’ होते, आणि हे स्थित्यंतर अधिक मूलगामी आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम सप्तपदीचा निर्देश करताना वधूवरांनी मिळून टाकलेल्या पावलांविषयी बोलते. कन्यादानाचा त्यात उल्लेखही नाही. पावले दोघांची आहेत, हे कायद्याने मान्य केले आहे. वाक्ये दोघांची होणे अद्याप बाकी आहे. म्हणूनच कोणत्याही सुधारित विवाहसंहितेची कसोटी तिने कोणते शब्द गाळले यावर थांबू नये. वधू किती क्रियापदांची कर्ता झाली, हे तिथे मोजले जावे.